फोडलेला जोड

“कोन म्हंते?”

हे विचारण्याआधी टेलरबाई तोंडातली टाचणी काढायच्या. टाचणी निघाली आणि हनुवटी वर गेली, की समोरच्यानं समजून घ्यायचं, आपलं आता काही खरं नाही. एवढं कापड ब्लाउजला पुरणार नाही असं गिऱ्हाईक म्हणालं, कोन म्हंते? उद्या नळ येणार नाही असं कोणी सांगून गेलं, कोन म्हंते? डॉक्टर म्हणाले, फादर म्हणाले, सख्खा भाऊ म्हणाला, सगळ्यांना तोच प्रश्न. आणि उत्तराची त्या कधी वाट बघत नसत. टाचणी पुन्हा दातात धरायची आणि जे होणार नाही म्हणून सांगितलंय, नेमकं तेच करायला घ्यायचं.

यवतमाळच्या बाजारात माझं चपलांचं दुकान आहे. वडिलांनी बसस्टँडजवळ झाडाखाली ठोकाठोकी करत करत उभं केलेलं. त्यामुळे असेल, पण माझी नजर आधी माणसाच्या पायांकडे जाते, तोंडाकडे नंतर. तुम्हाला विचित्र वाटेल. पण एकदा चपलांच्या दुकानात तासभर बसून बघा. तोंडाला पावडर लावून लोक येतात, टाचेला कोणी लावत नाही. माणूस किती चालला, कसा चालला, कुठे अडखळला, ते सगळं खाली लिहिलेलं असतं.

टेलरबाईंनी आमच्या दुकानासमोरचा ओटा भाड्यानं घेतला त्याला बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा त्या तिशीच्या आसपास असतील. एकट्या होत्या. गाव बोरी अरबच्या बाजूचं. लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय बारीक आणि दीड इंचानं आखूड, पंजा चार नंबरचा. उजवा पाय भक्कम, सात नंबरचा. चालताना आधी डावीकडे कलायच्या, मग उजव्या पायानं उसळी घेऊन सरळ व्हायच्या. गल्लीच्या टोकाला असल्या तरी त्यांची सावली ओळखू यायची.

ओट्यावर मशीन बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “डावी चार द्या, उजवी सात.”

तेव्हा वडील गल्ल्यावर बसत. त्यांचा एक नियम होता, जोड फोडायचा नाही. आमच्या धंद्यात हा नियम मोठा. फोडलेल्या जोडातली उरलेली चप्पल कोणी घेत नाही, आणि ती दुकानात पडून राहिली की बरकत जाते, असं जुने लोक मानतात. वडील मऊ आवाजात म्हणाले, “बाई, जोड फोडला तर लक्ष्मी रुसते.”

टाचणी निघाली. “कोन म्हंते? अन् माहा जोड देवानं फोडला, तवा कोन रुसलं होतं?”

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला म्हणाले, “काढ रे दोन डबे.” माझ्या आठवणीत त्यांनी जोड फोडला तो त्या दिवशी पहिल्यांदा. उरली डावी सात आणि उजवी चार. ती त्यांनी एका खोक्यात टाकली. बाई जाता जाता म्हणाल्या, “ठेवा काका. एखांदी येईन माह्यासारखी, उलटी.”

उलटी कोणी आली नाही. खोकं मात्र वर्षागणिक भरत गेलं. डाव्या चपलेखाली दीड इंचाचा तळ चढवायचं काम माझ्याकडे आलं. थरावर थर लावायचा, सोल्यूशन वाळू द्यायचं, ठोकायचं, कडेनं शिवण घालायची. त्या समोर उभ्या राहून बघत आणि चुका काढत. स्वतः टेलर असल्यामुळे माझ्या टाक्यांवर त्यांचा फार डोळा. “भाऊ, हा टाका ढिला हाय. उसवा.” मी उसवायचो. काय करता!

त्यांचं मशीन पायानं चालणारं होतं. मी कितीदा म्हटलं, मोटर बसवून घ्या, आजकाल सगळेच बसवतात. म्हणाल्या, “मोटर कायले? पाय नाही का मले?” एका पायानं त्या मशीन अशी हाणत की आमच्या काउंटरवरची काच थरथरायची. मशीनच्या वर भिंतीला बाबासाहेबांचा फोटो. त्यांचे आजोबा छपन्न साली दीक्षा घ्यायला नागपूरला पायी गेले होते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण त्या ते नव्या गिऱ्हाईकाला माप घेता घेता सांगत. बाई हात वर करून उभी, आणि आजोबा कळंबपर्यंत पोचलेले.

येशूबियेशूशी त्यांचा काही संबंध नव्हता. संबंध आला तो शिलाईतून. सिस्टर लोकांच्या शाळेचे गणवेश त्या शिवत. एका जानेवारीत सिस्टरनी वेगळं काम आणलं. दरवर्षी फेब्रुवारीत इथली ख्रिस्ती मंडळी नागपूरच्या टेकडीवरच्या मरियामातेला पायी जातात. सहा दिवसांची वाट. त्यांच्यासाठी निळे रुमाल शिवायचे होते, गळ्यात बांधायला. रुमाल न्यायला यात्रेचे पुढारी आले. निवृत्त मास्तर होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. सज्जन माणूस. त्यांनी रुमाल मोजून घेतले, बाईंच्या पायाकडे पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, “तुम्हालाही दर्शनाची इच्छा असेल तर या. सामानाचा टेम्पो असतो मागून. त्यात बसून या. चालणं काही तुमच्यानं होणार नाही.”

मी दुकानातून बघत होतो. टाचणी निघाली.

संध्याकाळी बाई माझ्यासमोर उभ्या. “भाऊ, दीडशे किलोमीटर टिकन अशी चप्पल करा.”

मी हसलो. आता सांगायला लाज वाटते, पण हसलो. म्हटलं, “बाई, तुम्ही काय त्या धर्माच्या का? आणि एवढं चालणं तुमच्यानं...”

“कोन म्हंते?”

“मीच म्हणतो.”

“मंग तुमीच करा चप्पल.”

केली. टायरचा तळ लावला. त्या वर्षी त्या गेल्या त्या देवासाठी नव्हे, गुरुजींचा शब्द खोटा पाडायला. सातव्या दिवशी परत आल्या तेव्हा पाय कापडात गुंडाळलेले, ओठ फुटलेले आणि तोंडावर असं काहीतरी, की मी आधी तोंडाकडे पाहिलं, पायांकडे नंतर.

काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, चपलेचा तळ बदलत असताना. तिसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या मागे पडल्या. उजव्या पायाला फोड आले, डावा तर बधिरच. मंडळी जपमाळ म्हणत पुढे निघून गेली. टेम्पोवाला बाजूनं हळूहळू गाडी चालवत होता, “बसा ना बाई, बसा ना बाई.” तासभर त्याचं तेच. शेवटी बाईंनी त्याला अशी शिवी घातली की तोही पुढे निघून गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, ऊन, आणि एकट्या बाई.

“मंग मी भांडाले लागली, भाऊ.”

“कोणाशी?”

“कोनाशी म्हंजे? ज्याच्याकडे जाऊन राह्यली होती त्याच्याशी. म्हनलं, तू कोन रे? मी तुले मानत नाही. माह्या आज्यानं सारे देव सोडले. तुले मायसोबत बसाले टेकडी पायजे, अन् मी इथी फोड घेऊन मरून राह्यली. माहा पाय काहून असा केला? पोट्टे लंगडी लंगडी म्हनत मांगं लागत होते, तवा तू कुठी होता? लय बोलली. पुरं आयुष्य काढलं त्याच्यापुढे. मुक्काम कवा आला समजलंबी नाही.”

“मग?”

“मंग रातच्याले पाय शेकता शेकता ध्यानात आलं. हवेशी कोनी दोन कोस भांडत नाही, भाऊ. भांडाले समोर कोनी लागते. अन् तो ऐकून राह्यला होता. मधात एकदाबी बोलला नाही, बसून जा म्हनून.”

मी देवभोळा माणूस नाही. गणपतीला हात जोडतो, ते सवयीनं. पण हे ऐकताना माझ्या हातातली हातोडी थांबली होती, एवढं खरं.

पुढं त्या चर्चमध्ये जायला लागल्या. तिथेही स्वभाव तोच. क्रूस खांद्यावर घेऊन चालताना येशू तीनदा पडला, हे त्यांना फार आवडायचं. “तीनदा पडला अन् तीनदा उठला. त्यालेबी कोनी टेम्पोत नाही टाकलं.” त्याचा झगा बिनशिवणीचा, एकसंध विणलेला होता, असं फादरनी वाचून दाखवलं, तर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाल्यावर फादरना गाठून विचारलं, “बाही कशी बसवली मंग?” फादर आठवडाभर विचार करत होते म्हणे. तिसऱ्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. नवं नाव घेणार का, असं विचारल्यावर म्हणाल्या, बापानं ठेवलं तेच राहीन, देवाले तेच नाव घेऊन हाक मारा लागन. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो हलला नाही. शेजारी एक छोटा लाकडी क्रूस आला, इतकंच.

इतकंच, असं मी म्हणतो. त्यांच्या भावाला ते इतकंच वाटलं नाही.

भाऊ बोरी अरबला गाड्या दुरुस्त करायचा. उंच, शांत, हाताला कायम ऑइल. महिन्यातून एकदा बहिणीला तुरीची डाळ, ज्वारी असं काहीबाही आणून द्यायचा. त्या दिवशी ओट्यावर चढला, क्रूसाकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवायची विसरला. गल्लीला ऐकू जाईल असं कधी न बोलणारा तो माणूस त्या दिवशी बोलला.

“आजा नागपूरले पायी गेलता. देव सोडाले गेलता. अन् तू त्याच रस्त्यानं देव धराले चालली? त्याच रस्त्यानं?”

मला वाटलं, आता टाचणी निघणार. पण बाईंच्या तोंडात टाचणी नव्हतीच. हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, “आजा निघाला तवा गावातल्यायनं काय म्हनलं होतं त्याले? नोको जाऊ, तुले जमनार नाही, मानसं मारतीन. तवा आजानं काय इचारलं होतं?”

भावानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“सांग ना. तुलेबी मालूम हाय.”

तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं, की तो प्रश्न बाईंचा नव्हताच. आजोबांचा होता.

“त्यानं वाट देल्ली मले,” बाई म्हणाल्या. “कुठी जाचं ते मी पाहीन.”

भावानं पिशवी ओट्यावर ठेवली आणि गेला. त्यानंतर पिशवी एसटीनं, कोणाच्या तरी हाती येत राहिली. भाऊ आला नाही. बोरीची गाडी लागायच्या वेळी बाईंचं मशीन थांबायचं, हे मी समोरून बघत होतो.

आता एक प्रसंग सांगतो, कारण तिथं मी स्वतः हजर होतो. शहरात मंडप टाकून चंगाईची सभा होती. आजारी माणसावर हात ठेवून प्रार्थना करतात, तिला ते चंगाई म्हणतात. बाहेरगावचे मोठे उपदेशक आले होते. बाई मला म्हणाल्या, चला भाऊ, मले साक्ष द्याची हाय. आपल्याला देव कसा भेटला ते लोकांपुढे सांगायचं, ती साक्ष. मी गेलो. पण बाईंना कलत कलत मंचाकडे येताना पाहून उपदेशकांचा समज वेगळाच झाला. त्यांनी पाय चांगला व्हावा म्हणून प्रार्थना सुरू केली. मंडप उठून उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाय जसा होता तसाच. उपदेशक माइकवर म्हणाले, “बहिणीचा विश्वास कमी पडतो आहे.”

मला तिथं पळून जावंसं वाटलं. बाईंनी माइक त्यांच्या हातातून काढून घेतला.

“कोन म्हंते?”

मंडपात ते दोन शब्द घुमले.

“विश्वास कमी हाय असं कोन म्हंते? चार खेपा नागपूरले चालत गेली मी याच पायानं. हा पाय आजारी नाही, महाराज. हा लहान हाय. लहान लेकराले कोनी बरं करते का? त्याले संग घेऊन चालतेत. देवानं जोड फोडून देल्ला मले. मीनं तो वापरला. एवढीच साक्ष हाय माही.”

माइक परत दिला आणि खाली उतरल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, लोक गोंधळले होते. मागच्या रांगेत कुबड्या मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी मात्र मोठ्यानं हसली. बाहेर आल्यावर बाईंनी मला विचारलं, “जास्त बोलली का?” म्हटलं, “कोण म्हणतं?” तेव्हा त्याही हसल्या. फार गोड हसायच्या, हे सांगायचं राहिलंच होतं.

आता वाईट भाग.

आयुष्यभर दोन पायांचं ओझं उजव्या पायानं वाहिलं. त्याचा गुडघा गेला. नंतर छातीचाही त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरातल्या घरात चाला, तेवढं पुरे. बाईंनी डॉक्टरांना काय विचारलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. जानेवारीत त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, चप्पल.”

मी म्हटलं, “मी नाही करत.”

पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न विचारला नाही. मीच बोलत सुटलो. बाई, सहा वेळा जाऊन आलात, कोणाला काय दाखवायचं उरलंय? टेम्पोत बसून गेलात तर देव काय दार लावून घेणार आहे का? तुम्हाला रस्त्यात काही झालं तर त्या चपलेचं पाप माझ्या हातांना लागेल. असं बरंच काही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “भाऊ, मी कोनाले दाखवाले नाही चालत आता. बसून गेली तर पोचन मी. पन भेट नाही होनार. माही त्याची भेट रस्त्यातच होते.” मग दारातून म्हणाल्या, “चप्पल तुमची हाय, नका करू. चालनं माहं हाय.”

गेल्या त्या जुन्याच चपलेवर. मी त्या सकाळी मुद्दाम शटर उशिरा उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. “भाऊ, तळ निघाला. नदीच्या पुलावर हाव.”

वर्धा नदीचा पूल, म्हणजे आपला जिल्हा संपतो तिथं. मी हातोडी, सोल्यूशन, टोच्या, रबराचे तुकडे पिशवीत टाकले आणि गाडीला किक मारली. तासाभराची वाट, पण ती मला नीट आठवत नाही. पुलावर पोचलो तेव्हा बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. उजव्या पायावर. गुडघा सुजून पपईएवढा झालेला. बाजूला टेम्पो, त्याचं मागचं फळकं उघडं, आत गादी अंथरलेली. गुरुजी हात जोडून म्हणत होते, “बसा हो आता. निदान रस्त्याच्या कडेला तरी बसा.”

“बसली तर उचलून गाडीत टाकतीन हे,” बाई मला म्हणाल्या. “म्हनून उभी हाव.”

मी खाली बसलो. डांबरावर, त्यांच्या पायाशी. जुना तळ खरवडला, नवा कापला, सोल्यूशन लावलं. सोल्यूशन वाळल्याशिवाय चिकटत नाही, त्याची वाट बघावीच लागते. तोल सांभाळायला बाईंनी हात माझ्या डोक्यावर ठेवला. डावा पाय माझ्या गुडघ्यावर. धंद्यात हजारो पाय हाताळले, पण त्या चार नंबरच्या पायाला हात लावताना माझे डोळे भरून आले. मी मान वर केली नाही.

तेवढ्यात एक मोटरसायकल येऊन थांबली. भाऊ. आदल्या दिवशी कळंबच्या मुक्कामी गुडघा बघून गुरुजींनीच त्याला फोन केला होता, बहिणीला घेऊन जा म्हणून. चार वर्षांनी बहीण-भाऊ समोरासमोर आले, ते असे, पुलावर, मधे मी हातोडी घेऊन बसलेलो.

“चाल,” भाऊ म्हणाला. “बस गाडीवर.”

बाईंनी मान हलवली, नाही म्हणून.

“मरशीन तू.”

“मरीन. पन उभी.”

मी तळ चिकटवला, ठोकला, कडेनं टाका घातला. बाईंनी चप्पल पायात सरकवली, वाकून टाका पाहिला. “ढिला नाही,” म्हणाल्या. माझ्यासाठी ती मोठी पावती होती.

आणि त्या निघाल्या. डावीकडे कलून, उजवीकडे उसळी न घेता, कारण उसळी आता जमत नव्हती. पाच पावलं, दहा पावलं. भाऊ बघत राहिला. मग त्यानं मोटरसायकल पुलाच्या टोकाशी उभी केली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

“आज्याची वाट हाय ही,” तो मोठ्यानं म्हणाला, बहिणीच्या पाठीला. “मी आज्यासाठी चालून राह्यलो. तुह्या देवासाठी नाही. सांगून ठेवतो.”

“कोन म्हंते देवासाठी चाल म्हनून?” बाई मागे न बघता म्हणाल्या.

गुरुजींनी त्याच्यापुढे एक निळा रुमाल धरला. भावानं तो उलटासुलटा करून पाहिला. शिवण बहिणीची आहे, हे त्याला कळलं असणार. “निळा हाय म्हनून बांधतो,” म्हणाला आणि गळ्यात बांधला.

सहा दिवसांच्या वाटेला त्या वर्षी नऊ दिवस लागले. बाई चालत पोचल्या. टेकडीवर भाऊ गेला नाही, पायथ्याशी चहाच्या टपरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तो दीक्षाभूमीला निघाला, तर बाई त्याच्या आधी चप्पल घालून तयार. तिथंही दोघं पायीच गेले. हे मला भावानं सांगितलं, माझ्या मुलानं दुकानापाशी आणून ठेवलेली मोटरसायकल न्यायला आला तेव्हा. पुढे दर महिन्याला पिशवी घेऊन तो स्वतः यायला लागला, आणि डाळीच्या भावावरून दोघं ओट्यावर कडाकडा भांडायला लागली. ऐकायला फार बरं वाटायचं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. तीन दिवस दवाखान्यात होत्या, चौथ्या दिवशी संपलं.

दुसऱ्या सकाळी शटर अर्धवट ओढून मी आत बसलो आणि जानेवारीत नाकारलेली चप्पल केली. डावी चार, उजवी सात, दीड इंचाचा तळ. टाका तीनदा उसवला. सिस्टरनी पांढरे मोजे आणले होते, त्यावरून मी ती बाईंच्या पायात घातली. उरलेली दोन खोक्यात टाकली. मुलगा म्हणतो, फेकून द्या आता. मी फेकत नाही.

शेवटच्या दर्शनाला पेटी ओट्यावर ठेवली होती. दुपारी ती न्यायला गाडी आली. ख्रिस्ती दफनभूमी शहराच्या पार त्या टोकाला. चार जणांनी पेटी उचलली आणि गाडीकडे वळणार, तोच भाऊ आडवा आला. गळ्यात निळा रुमाल होता.

“गाडीत नाही,” तो म्हणाला.

गुरुजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अरे, तीन-चार किलोमीटर आहे. ऊन बघ किती. खांद्यावरून नेणं होणार नाही.”

भावानं हनुवटी वर केली. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

“कोन म्हंते?”

गुरुजींनी डोळे पुसले आणि गाडीवाल्याला हातानं परत पाठवलं.

पुढं डावीकडे मी, उजवीकडे भाऊ. तो सहा फुटी, मी त्याच्या खांद्याला लागतो. पेटी माझ्या बाजूला खाली झुकली. चार पावलं टाकली की भावाच्या बाजूनं वर उसळायची, परत माझ्याकडे कलायची. मागून कोणीतरी म्हणालं, अरे, सारख्या उंचीचा माणूस लावा, पेटी लंगडून राह्यली.

“राहू द्या,” भाऊ म्हणाला. “ती अशीच चालत होती.”